राक्षस आपल्या बाजूने खेळतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

गल्लीतलं क्रिकेट आठवा. सगळी पोरं पाचवी-सहावीतली, आणि कॉलेजात जाणारा एखादा दादा येऊन बॅट मागतो. नाही म्हणवत नाही, आणि मनासारखं खेळू दिलं तर बॉल थेट समोरच्या गच्चीवर. मग ठरतं, दादाने डाव्या हाताने खेळायचं. लिंबूटिंबूला सवलत देणं सोपं असतं हो. दांडग्याला किती जखडायचं, तो हिशेब अवघड. आज त्याच हिशेबाबद्दल बोलणार आहे. फक्त दादाच्या जागी ट्रोल आहे, म्हणजे परदेशी गोष्टींतला एक धिप्पाड राक्षस.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. टेबलाभोवती चार-पाच जण, प्रत्येकाचं एक पात्र. कुणी योद्धा, कुणी जादूगार. एक जण गोष्ट चालवतो, तो डंजन मास्टर, बोलताना नुसतं डीएम. वीस बाजूंचा फासा टाकत पात्रं पहिल्या लेव्हलपासून वर चढतात. ड्रॅगन, भुतं, राक्षस ही सगळी डीएमच्या ताब्यातली. आणि कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, "मीच राक्षस झालो तर?"

आमच्याकडे माझ्या भाच्याने विचारलं. त्याला ट्रोल व्हायचं होतं.

ट्रोलच्या जखमा आपोआप भरतात, आणि आग किंवा अ‍ॅसिड सोडलं तर त्याला सहसा कशानेच मरण नाही. डीएमच्या हातात हे ठीक चालतं. ट्रोल पुलाखालून येतो, चार-पाच फेऱ्या मारामारी होते, कुणीतरी मशाल पुढे करतं, संपलं. पण तोच ट्रोल भाच्याच्या हातात वर्षभर राहणार. लढाईनंतर बाकीचे पट्ट्या बांधतायत, औषधाच्या कुप्या मोजतायत, आणि हा आपला ताजातवाना. डीएमने दर लढाईत आग आणावी, तर भाजणार बाकीचेच. एका लढाईपुरता घडवलेला प्राणी रोजच्या संसारात आणला की सगळी गणितं फिरतात. पुस्तकात राक्षसापुढे आव्हानाचा आकडा दिलेला असतो, त्यावरून नवे डीएम हमखास फसतात. ओगर नावाच्या दांडग्या राक्षसापुढे दोन लिहिलंय म्हणून तो दुसऱ्या लेव्हलच्या योद्ध्याच्या बरोबरीचा होत नाही. तो आकडा चार जणांच्या टोळीशी होणाऱ्या एका झुंजीचा आहे.

हा पेच खेळाइतकाच जुना आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी खेळ काढला, तेव्हाच नियमांत लिहिलं होतं की खेळाडूला वाटलं तर ड्रॅगनही होता येईल, फक्त सुरुवात पिल्लापासून करायची आणि इतरांसारखंच वर चढायचं. मला हे अजूनही सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. पण १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये गायगॅक्सचा सूर बदलला. खेळाचं जग माणसांचं आहे, राक्षसाचं पात्र मागणाऱ्याला फक्त ताकद हवी असते, असा एकूण रोख.

खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीने दंड बसवला. राक्षसाच्या अंगच्या लेव्हली मोजायच्या, वर त्याच्या खास शक्तींबद्दल आणखी काही लेव्हली लावायच्या. ट्रोलच्या सहा आणि दंडाच्या पाच, म्हणजे अकरा. अकराव्या लेव्हलच्या टोळीतच त्याला जागा. याच पुस्तकांत आपला राक्षसही आहे बरं का, 'राक्षस' याच नावाने. तोंड वाघाचं आणि हाताचे तळवे उलटे. तो १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून तिथे आहे. त्याच्या अंगच्या सात आणि दंडाच्याही सात.

कागदावर न्याय दिसतो. प्रत्यक्षात काय व्हायचं, ते व्हॅम्पायरवरून सांगतो. पाचव्या लेव्हलचा जादूगार व्हॅम्पायर झाला की दंड आठ, म्हणून तो तेराव्या लेव्हलच्या मंडळींबरोबर उतरणार. त्याच्या अंगात जीव सरासरी बत्तीस-तेहतीस गुणांचा, आणि मंत्र पाचव्या लेव्हलच्या जादूगाराला येतात तेवढेच. शेजारचा जादूगार सातव्या दर्जाचे मंत्र टाकतोय. समोरचे शत्रू तेराव्या लेव्हलला शोभणारे. अमर म्हणवणारा हा गडी पहिल्या तडाख्यात धूर होऊन शवपेटीकडे पळायचा! चौथ्या आवृत्तीने ही दंडाची पद्धत टाकून दिली, त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

आता उलटं झालंय. राक्षसालाच आटवतात. पाचव्या आवृत्तीतला सेंटॉर, म्हणजे अर्धा घोडा, खेळाडूला मिळतो तो नियमाने मध्यम आकाराचा. शिडी चढताना मात्र दर फुटाला चार फूट जादा चाल खर्च होते, आणि हा नियम मला फार आवडतो. घोडा शिडीवर! अशा अडचणीतून गोष्टी निघतात, नुसत्या वजाबाकीतून निघत नाहीत. पंखवाल्या आराकोक्रांना पहिल्याच लेव्हलला पन्नास फूट उडता यायचं. डीएमने कष्टाने आखलेली दरी एका झेपेत पार. पुढे २०२२मध्ये तो वेग चालण्याइतकाच केला.

आपल्याकडे घटोत्कच आहे. तो कायम पांडवांच्या टोळीत फिरत नाही. आठवण केली की येतो. राक्षसांचं बळ रात्री वाढतं, म्हणून रात्रीच्या युद्धात तो कौरवसेनेची दाणादाण उडवतो. आणि कर्णाला आपली एकदाच वापरता येणारी शक्ती त्याच्यावरच खर्च करावी लागते. चांगला डीएम हेच करतो. राक्षस एखाद्या रात्रीपुरता खेळाडूच्या हाती देतो, आणि ती रात्र वर्षभर लक्षात राहते.

भाच्याला एका रात्रीचं पटेना. मग आम्ही १९७४चा रस्ता धरला. त्याला ट्रोलचं पोर केलं. पहिल्या लेव्हलला जखम भरायची नाही, फक्त रक्त थांबायचं. तिसऱ्या लेव्हलला तुटलेलं बोट पहाटेपर्यंत उगवायला लागलं. आगीची भीती मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण. त्यामुळे मुक्कामाला सगळे शेकोटीभोवती, आणि हा वीस पावलं लांब, अंधारात, एकटा. रात्रीचा प्रत्येक हल्ला आधी त्याच्यावर व्हायचा. दोन महिन्यांत भाच्याने माझ्याकडे तक्रार आणली, "मामा, हा ट्रोल फार कमजोर केलायस."

नमस्कार.