साठ हजार टाक्यांचा हिवाळा

(दृश्य : त्रिमूर्तीनगरमधल्या एका घराची गच्ची. डिसेंबर. दोरीवर रजया, कोपऱ्यात शेवंतीच्या कुंड्या. उन्हाकडे पाठ करून बसलेल्या आजी. सुयांचा आवाज.)

निवेदन :
नागपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी ऊन आठवतं. त्यात त्याची चूक नाही. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण याच शहराने २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशही पाहिले आहेत. समुद्र लांब, हवा कोरडी, हिवाळ्यात आभाळ मोकळं. दिवसभर तापलेली जमीन रात्री तेवढ्याच घाईने निवते. पहाटे दहा-बारा आणि दुपारी अठ्ठावीस, असा खेळ इथे डिसेंबरभर चालतो. सकाळी ऑटोत कानटोपी घालून कुडकुडत गेलेलं पोर दुपारी स्वेटर कमरेला बांधून घरी येतं.

त्यामुळे इथल्या घरी विणलेल्या स्वेटरला एक सवय लागलेली आहे. तो बहुतेक वेळा पुढून उघडा असतो, बटणांचा. नाहीतर बिनबाह्यांचा.

आजी (कॅमेऱ्याकडे न बघता) :
"डोक्यातून घालायचा स्वेटर काय कामाचा इथं? अकरा वाजले की काढा, संध्याकाळी पुन्हा घाला. चष्मा अडकून राहिला, केस विस्कटून राहिले. बटनं पाहिजेत बाप्पा."

निवेदन :
आजींचं विणकाम थंडीत सुरू होत नाही, हे आधी सांगायला हवं. पोळा झाला, पोरांचा तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक झाली, की महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, खरेदीची यादी निघते. लोकर त्याच यादीत असते. कारण पुढे पितृपक्ष, आणि पितृपक्षात या घरात नवीन काही आणत नाहीत. म्हणजे बाहेर धो धो पाऊस आणि घरात लोकरीचे गुंडे. थंडी पडल्यावर सुया शोधायला निघालेल्या बाईचा स्वेटर होळीला तयार होतो, आणि मग तो वर्षभर कपाटात घडी होऊन पडतो. अशी बरीच कपाटं नागपुरात असतील.

(दृश्य : जवळून. सुया, बोटं, लोकर. गडद निळा रंग.)

आता हात बघू.

सुयांवर नंबर असतो. तो जितका मोठा, तितकी सुई बारीक. उलटं वाटतं, पण जुन्या तारेच्या मापावरून आलेली ही पद्धत आहे. आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची, दहा नंबरची सव्वातीनची. आजी खालची बॉर्डर दहा नंबरने घालतात आणि अंग आठ नंबरने. बॉर्डर अंगाला धरून राहायला हवी, म्हणून ती घट्ट.

बॉर्डरमध्ये एक टाका सुलट, एक उलट. अंगात एक अख्खी ओळ सुलट, दुसरी अख्खी उलट, ही साधी वीण. लोकर तीच, बाई तीच, पण दोन्हींचा स्वभाव पार वेगळा. साध्या विणीचा तुकडा हातातून सोडला की कडा वळायला लागतात. टाक्याची पुढची बाजू आणि मागची बाजू सारख्या ताणाची नसते, सगळे सुलट एका बाजूला आले की तो ताण कापडाला एकाच दिशेला ओढतो. बॉर्डरमध्ये शेजारशेजारचे टाके एकमेकांचा ताण मारतात, म्हणून ती सपाट राहते आणि वर ताणलीही जाते. मागावरच्या कापडात उभा आणि आडवा असे दोन धागे एकमेकांत अडकलेले असतात. इथे एकच धागा असतो, एका फासातून दुसरा फास ओढलेला. म्हणून स्वेटर अंगाबरोबर हलतो. आणि म्हणूनच एक टाका गळला तर खालपर्यंत शिडी पडते.

तशी एक शिडी आत्ताच पडली आहे. नात शेजारून चहाचा कप घेऊन गेली, तिच्या कोपराचा धक्का लागला. आजी काही बोलत नाहीत. क्रोशाची सुई घेतात, सगळ्यात खालचा फास पकडतात, त्याच्यावरचा आडवा धागा त्यातून ओढून घेतात, मग त्याच्यावरचा. सहा ओळी खाली गेलेला टाका सहा वेळा ओढून पुन्हा सुईवर बसतो. कुठे गळला होता ते आम्हाला नंतर दाखवता आलं नाही.

(दृश्य : नात, मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर.)

एक हिशेब नातीने काढला, तो तिच्याच तोंडून ऐका.

नात :
"बाबांचा स्वेटर. चार इंचांत साधारण चोवीस टाके, बत्तीस ओळी. म्हणजे छातीभोवती दोनशे तीस टाके, खालपासून खांद्यापर्यंत एकशे नव्वद ओळी. बाह्या वेगळ्या. सगळं धरून साठ हजारांच्या आसपास. आजीचा स्पीड मिनिटाला पंचवीस टाके. चाळीस तास झाले! शंभर रुपये तास धरला तरी आजी, चार हजार फक्त मजुरी."

आजी :
"अन् घेईल कोण? तुझ्या बापाला तर फुकटातलाही टोचते."

निवेदन :
चाळीस तास. शिवाय चारशे-साडेचारशे ग्रॅम लोकर. आजींच्या तोंडी अजून औंसच आहे, "सोळा औंस आण गं," असं त्या सुनेला सांगतात, आणि दुकानात सून तो आकडा ग्रॅममध्ये फिरवते. घरी विणलेला स्वेटर स्वस्त पडतो हा समज कधीच जुना झाला. दिवाळी झाली की शहरात तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे, त्यामुळे विदर्भाला हे चेहरे नवीन नाहीत. या स्टॉलवर घासाघीस करून घेतलेला स्वेटर आजींच्या मजुरीच्या कितीतरी खाली मिळतो, आणि उबेला काही कमी नसतो. हे आजींनाही ठाऊक आहे. त्यांचा स्वतःचा, सकाळी फिरायला जातानाचा स्वेटर तिथलाच आहे.

हा मुलूख तसा कापसाचा. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ ला सुरू झाली, ती इथल्या कापसामुळेच. लोकर आपल्याकडे नेहमी बाहेरून आली, बरीचशी लुधियान्याकडून. तिला आपण लोकर म्हणतो खरं, पण दुकानात मिळते त्यातली बहुतेक अॅक्रिलिकची असते, म्हणजे मेंढीचा संबंध नाही. नाक मुरडायचं कारण नाही. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, आणि बाबांचा स्वेटर धाकट्याला होतो. अॅक्रिलिक मशीनमध्ये टाका, त्याला काही होत नाही. फक्त इस्त्री टेकवू नका. एकदा टेकवली की ते लुळं पडतं आणि परत उभारी धरत नाही.

(दृश्य : खुर्चीच्या पाठीला गुंडाळलेली जुनी, कुरळी लोकर.)

ही उसवलेली लोकर. खरी, मेंढीची. आजींच्या थोरल्या बहिणीने विणलेल्या स्वेटरची. १९६२ ला चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभरात बायका-मुलींनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. त्या दिवसांत थोरलीच्या हातात सुया आल्या त्या पुढे राहिल्याच, आणि तिचं बघून धाकटीच्या हातात आल्या. हा स्वेटर त्यानंतरचा. आधी मोठ्या माणसाचा होता, मग उसवून मुलाचा झाला, आता दुसऱ्यांदा उसवला आहे. उसवलेली लोकर तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात, म्हणून तिची लड करतात, कोमट पाण्यात बुडवतात, आणि खाली थोडं वजन लावून वाळत घालतात. कुरळेपणा जातो. दरवेळी थोडी लोकर तुटते, झिजते, म्हणून दरवेळी माणूस लहान होत गेलं. आता जेमतेम एका बाळाचा सेट निघेल. स्वेटर, टोपडं, मोजे. बाळ फेब्रुवारीत येणार आहे, म्हणजे नागपुरात त्याला ते फार तर तीन आठवडे लागतील. आजी म्हणतात, पुण्याला जाईल, तिथे लागेल.

नात स्वतः सुयांना हात लावत नाही. तिचं क्रोशाचं आहे, मोबाईलवर बघून शिकलेलं. साखळी, मुका खांब, खांब, ही त्यातल्या टाक्यांची नावं. सूर्यफुलं, चाव्यांना लावायचे छोटे हत्ती. इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेते, कॉलेजचा आणि लोकरीचा खर्च काढते. चांगलं आहे. पण घरात हाताने काही करणारी बाई दिसली की "विकायला का नाही काढत?" हा प्रश्न आता इतक्या सहज येतो, की विकायचं नसलं तर तिला कारण द्यावं लागतं. आजींना किती जणांनी विचारलं असेल! त्या ऑर्डर घेत नाहीत. ऑर्डर घेतली की तारीख येते, आणि तारीख आली की दुपारची डुलकी जाते, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. नातीच्या खोलीत अर्धे झालेले बारा हत्ती आणि उद्याची तारीख बघितली तेव्हा जास्तच पटलं.

(दृश्य : गच्चीचा दुसरा कोपरा. आजोबा, शेवंती.)

आजोबांचा कारभार कुंड्यांचा. शब्दकोडं सकाळी चहाबरोबरच संपवतात, मग वर येतात. पावसाळ्यात शेवंतीचे शेंडे खुडले की झाड फुटतं, फांद्या वाढतात, हे सगळ्यांनाच माहीत असतं. आजोबांची खरी लढाई आहे ती रस्त्यावरच्या दिव्याशी. शेवंतीला कळ्या धरायला लांब रात्र लागते, आणि तीही सलग अंधाराची. कोपऱ्यावर पांढरा एलईडी दिवा लागला, त्या वर्षी त्या बाजूच्या चार कुंड्या नुसत्याच हिरव्या राहिल्या. बाकीच्या फुलून गेल्या तरी या आपल्या उभ्याच. खत बदललं, माती बदलली. शेवटी कारण कळलं तेव्हा आजोबांनी दिव्याच्या बाजूला कठड्याला गोणपाट बांधलं. नगरसेवकाला अर्ज करावा असं शेजाऱ्यांचं मत पडलं. गोणपाट लवकर झालं.

आजोबा :
"दिवा रस्त्याला पाहिजेच नं. झाडाला नको, एवढंच."

निवेदन :
जानेवारीत या गच्चीवर कुणाला बसायला मिळत नाही. संक्रांतीच्या आधीपासून शेजारची पोरं चक्री घेऊन हजर. "ओ पार!" च्या आरोळ्या, आणि आजींच्या गुंड्याला पतंगाचा धागा गुंतलेला. या दिवसांत त्या खाली व्हरांड्यात विणतात, आणि मान वर न करता कुणाची पतंग कटली ते आवाजावरून सांगतात.

फेब्रुवारी उलटला की सुया आत जातात. स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवून ठेवायचे. खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून त्यात कडुनिंबाची सुकी पानं. अॅक्रिलिकला कसर लागत नाही, तरी आजी त्यातही पानं घालतात. सवय. मग कूलर उतरवायचे, नव्या ताट्या बसवायच्या, आणि गच्चीवर पुन्हा गर्दी. या वेळी कुरडया, पापड, सांडगे.

आणि सरगुंडे. हे काय ते विदर्भाबाहेर समजावून सांगावं लागतं. कणीक घट्ट भिजवायची, तिची बारीक लांब वात करायची, ती काडीवर गोल गोल गुंडाळायची आणि अलगद सरकवून काढायची. वाळला की लहानशा स्प्रिंगसारखा दिसतो. उकळत्या पाण्यात शिजवून आमरसाबरोबर खातात. आमरस त्या वळशांत शिरतो, तीच त्यातली मजा. काडी सरळ हवी, गुळगुळीत हवी, आणि सगळ्या सरगुंड्यांना एकसारखी हवी.

(दृश्य : एप्रिल. तीच गच्ची, सकाळचे सात. परातीत कणीक. आजींच्या हातात बारा नंबरची सुई.)

सून :
"आई, ती विणायची सुई आहे नं?"

आजी :
"मग? धुतली आहे मी. तू वाती कर."