पाट्या टाकणारा माणूस कसा तयार होतो

(सांगली येथे लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, कुपवाड, मिरज, पलूस, इस्लामपूर भागातले कारखानदार इथं बसलेत, म्हणून प्रास्ताविकात वेळ घालवत नाही. आपल्या सगळ्यांची एक तक्रार असते, 'माणसं मन लावून काम करत नाहीत, नुसत्या पाट्या टाकतात.' तक्रार खरी आहे. पण पाट्या टाकायच्या ठरवून कुणी कामाला लागत नाही. आयटीआयमधून टर्नर होऊन आलेला पोरगा पहिल्या महिन्यात बघा. शिफ्ट सुटली तरी जुन्या माणसाचं सेटिंग बघत थांबतो. तोच पोरगा दोन वर्षांनी भोंग्याच्या आधी हात धुऊन उभा असतो. मधल्या काळात काय झालं, ते शोधणं मालकाचं काम आहे.

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. पंपाच्या बॉडीचं मशिनिंग चालायचं. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाहेरच्या फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून यायचं. मशीनवरच्या मुलाच्या लक्षात आलं की कट घेतला की फ्लँजच्या, म्हणजे जोडाच्या चपट्या भागाच्या, कडेला बारीक छिद्रं उघडी पडतात, आणि दर वेळी त्याच जागी. त्यानं खडूनं गोल करून चार-पाच बॉडी बाजूला काढल्या आणि सुपरवायझरला दाखवल्या. उत्तर मिळालं, 'तू तुझा नगांचा आकडा दे, बाकीचं आम्ही बघतो.' दुसऱ्या दिवशी त्यानं परत गोल केले. कुणी विचारलं नाही. मग त्यानं खडू ठेवून दिला आणि जे येईल ते मशीनवर चढवायला लागला. पुढं गिऱ्हाइकाकडं प्रेशर टेस्टला त्या बॉडीतून पाणी पाझरलं आणि माल परत आला. फाउंड्रीत चौकशी केली तेव्हा कळलं की कोअरमधला, म्हणजे आतली पोकळी राखायला साच्यात ठेवतात त्या वाळूच्या गाभ्यातला, वायू बाहेर पडायची वाट बुजत होती. दुरुस्ती अगदी साधी होती.

त्या मुलाच्या हजेरीत खोट नव्हती. आकडाही तो पुरा देत होता. कागदावर तो चांगलाच कामगार होता! म्हणून मी म्हणतो, कामगाराचं मन कामात असणं ही नुसती चांगुलपणाची बाब समजू नका, तो धंद्याचा प्रश्न आहे. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा तुकडा, झिजला की आवाज बदलतो, बेअरिंग जायच्या आधी हाताला गरम लागतं, नव्या लॉटची साच्याची वाळू मुठीत वेगळी वाटते. हे आधी कळतं ते मशीनवरच्या माणसाला. ते त्यानं सांगावं, अशी अट तुम्ही नेमणूकपत्रात घालू शकता, पण ती पाळायला लावू शकत नाही. त्याला वाटलं तरच तो सांगणार.

आता पगाराचं. पगार थकलेल्या माणसाला प्रेरणेवर भाषण ऐकवणं हा त्याचा अपमान आहे, असं मी स्पष्ट मानतो. ओव्हरटाइमला दुप्पट दर, बोनस कायद्याप्रमाणं किमान ८.३३ टक्के, पीएफचा भरणा वेळेवर, हे आधी. त्यात हात आखडायचा आणि वर्षातून एकदा हॉटेलात वक्ता बोलवायचा, हे चालणार नाही. पण एवढं दिलं म्हणजे मन लागलंच, असंही नाही. अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं इंजिनिअर आणि हिशेबनीस यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५९ मध्ये निष्कर्ष मांडले. नाराजीच्या प्रसंगांत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार यांचा उल्लेख जास्त होता. समाधानाच्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा आलं ते वेगळंच: काम तडीस गेलं, त्याची दखल घेतली गेली, जबाबदारी मिळाली. त्या निष्कर्षांवर वाद झाले. मला मात्र आपल्या शेडमध्ये हेच दिसतं. पगार वेळेवर झाला की धुसफुस थांबते, पण जीव ओतायला कारण लागतं ते कामातूनच मिळावं लागतं.

आणि हे शिकायला अमेरिकेला कशाला जायचं? कुंडल रोड स्टेशनाजवळ, निवडुंग माजलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभा केला. जागा औंधच्या संस्थानिकांनी दिली. तिथं शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक इंजिनिअर म्हणून पुढं आले. गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली, आणि ती त्यांनी निभावली. ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या भरवशावर वस्ती झोपत होती! त्याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कैदी तिथं बायकामुलांसह राहून शेती करू लागले. विश्वास टाकला की माणूस कसा उभा राहतो, याचे हे दाखले आपल्याच जिल्ह्यातले आहेत. आणि आपण पंधरा वर्षं काम केलेल्या फिटरला दोनशे रुपयांचा बोल्ट आणायला तीन सह्या मागतो.

कंत्राटी पोरांबद्दल बोललो नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. एकाच मशीनवर दोन शिफ्टला दोन माणसं, एकाला कंपनीचा गणवेश, दुसऱ्याला साधा शर्ट. कँटीनमध्ये जेवणाचे दर वेगळे. दसऱ्याच्या पूजेला एकाच्या हातात मिठाईचा पुडा, दुसऱ्याच्या हातात काही नाही. याचा सल राहतो, वर्षानुवर्षं राहतो. पगारातला फरक उद्या मिटवता येत नसेल, पण पुड्यातला फरक उद्या मिटतो. त्याला फार पैसे लागत नाहीत.

उद्यापासून काय करता येईल, असं चिठ्ठीत विचारलंय. मी एकच सुचवतो. प्रत्येक लाइनवर एक साधी वही ठेवा. डाव्या पानावर कामगारानं अडचण लिहायची, त्याला लिहायचं नसेल तर सुपरवायझरनं त्याच्याच शब्दांत उतरवायची. उजव्या पानावर दोन दिवसांत उत्तर, खाली उत्तर देणाऱ्याची सही. जमणार नसेल तर 'जमणार नाही' असं लिहा, पण का ते लिहा. खर्च परवडत नाही, गिऱ्हाईक ड्रॉइंग बदलू देत नाही, जे असेल ते. कारण कळलं की माणूस नकारही पचवतो आणि पुढची अडचण घेऊन परत येतो. आठवड्यातून एकदा मालकानं स्वतः शेडमध्ये उभं राहून ती वही वाचावी. ऑफिसात मागवून घेऊ नये. आणि उजवं पान कोरं दिसलं, तर आधी सुपरवायझरला बोलवावं.