देवघेवीचा तास

मधली सुट्टी संपून पाचव्या तासाची घंटा नुकतीच झाली आहे. जिन्याशेजारच्या या खोलीत तीन लोखंडी कपाटे आहेत, एक लांब टेबल आहे आणि दाराबाहेर पाचवीच्या मुलामुलींनी काढलेल्या चपलांची वेडीवाकडी रांग आहे. ग्रंथपाल बाईंनी तिन्ही कपाटांची दारे सकाळीच सताड उघडून ठेवली आहेत. मुले आत येतात ती थेट कपाटांकडे जातात. कोणी खालच्या फळीसमोर उकिडवे बसते, कोणी पुस्तक उघडून उभ्या उभ्याच वाचू लागते, तर दोघी मैत्रिणी एकाच पुस्तकावरून कुजबुजत भांडतात. बाई कोणालाही गप्प बसायला सांगत नाहीत.

हे दृश्य साधे आहे, परंतु सर्वत्र दिसणारे नाही. अनेक शाळांत पुस्तके असतात, कपाटेही असतात आणि त्या कपाटांना कुलूप असते. मी ज्या शाळेत शिकलो तेथील कपाटांना काचेची दारे होती; त्या काचेतून पुस्तकांच्या पाठीवरची नावे वाचता येत असत, आणि दहावीपर्यंत मी ती इतक्या वेळा वाचली, की त्यांचा क्रम आजही मला पाठ आहे. त्यांतले एकही पुस्तक माझ्या हाती आले नाही.

हे कुलूप आळसापोटी लागत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. शाळेत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद होते. त्याला क्रमांक मिळतो आणि त्याची किंमत लिहिली जाते. ग्रंथालयाचा कार्यभार एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा क्रमांक लावून पडताळणी होते, आणि एखादे पुस्तक सापडले नाही तर ते कोठे गेले याचे उत्तर कार्यभार सांभाळणाऱ्याला द्यावे लागते. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे आपल्याच खिशातून जातील, ही भीती कित्येक शिक्षकांच्या मनात असते. जीर्ण झालेली पुस्तके नोंदवहीतून काढून टाकण्यासाठी निर्लेखनाची रीतसर पद्धत आहे, परंतु ते कागदपत्र करण्यापेक्षा फाटकी पुस्तके वर्षानुवर्षे फळीवर ठेवणे सोपे वाटते. कपाटात राहिलेले पुस्तक हरवत नाही आणि फाटत नाही. नोंदवहीच्या दृष्टीने ते अगदी सुखरूप असते.

म्हणून वाचनाच्या कोणत्याही उपक्रमाची सुरुवात, माझ्या मते, मुख्याध्यापकांच्या दालनात व्हायला हवी. दरवर्षी काही पुस्तके फाटणार आणि काही परत येणार नाहीत, ही वापरातली झीज आहे, हे मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने मोकळेपणी मान्य केले, आणि वर्षातून एकदा निर्लेखनाचे काम स्वतःहून हाती घेतले, तर ग्रंथपालाच्या मनावरचे ओझे उतरते. या शाळेत तसे घडले, आणि त्यानंतरच कपाटे उघडी राहू लागली.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे शियाली रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक होते. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. ग्रंथ वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. पहिल्या सूत्राचे विवेचन करताना त्यांनी मध्ययुगीन युरोपातील साखळदंडाने बांधून ठेवलेल्या ग्रंथांचे उदाहरण दिले होते. त्यांचा जन्मदिवस, 12 ऑगस्ट, आपण राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घालतो त्याच खोलीत कपाटाला कुलूप असावे, याची खंत वाटते.

आता टेबलाजवळ काय चालले आहे ते पाहा. बाईंनी एक चित्रपुस्तक निवडले आहे. काल रात्री त्यांनी ते घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहिले, कारण कोठे थांबायचे, कोणते वाक्य हळू म्हणायचे आणि पान कधी उलटायचे, हे आधी ठरवल्याशिवाय चांगले प्रकटवाचन होत नाही. पुस्तक त्या आपल्या चेहऱ्यासमोर धरत नाहीत. खांद्याच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून धरतात, म्हणजे शब्द कानांवर पडत असताना चित्र डोळ्यांसमोर राहते. एका पानावर विहीर आहे आणि एक मुलगी पोहरा खाली सोडत आहे. बाई ते पान वाचून थांबतात, काहीच विचारत नाहीत. मागच्या ओळीतला एक मुलगा, जो एरवी वर्गात हजेरीपुरताच बोलतो, म्हणतो, “बाई, पाणी आटलंय. दोर बघा ना किती सोडलाय.” मजकुरात उन्हाळ्याचा उल्लेख नाही. चित्रकाराने तो दोराच्या लांबीत ठेवला होता, आणि तो या मुलाने वाचला.

बाई त्याला शाबासकी देऊन पुढे जात नाहीत. त्या पुस्तक त्याच्याजवळ नेतात, इतरांनाही दोर दाखवतात, आणि मग ज्यांच्या घरी विहिरीचे पाणी भरतात ती मुले बोलू लागतात. गोष्ट संपायला त्यामुळे दहा मिनिटे जास्त लागतात. या दहा मिनिटांसाठी वेळापत्रकात ग्रंथालयाचा स्वतंत्र तास असावा लागतो, आणि तो तास परीक्षेच्या तयारीसाठी किंवा राहिलेला अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी कोणी मागून घेणार नाही, एवढी हमी असावी लागते.

वास्तव बहुधा याच्या उलट असते. ग्रंथपालाचे पद शाळेच्या पटसंख्येवर अवलंबून असल्यामुळे लहान शाळांना ते मिळत नाही. काही ठिकाणी अर्धवेळ ग्रंथपाल असतात, आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत हे काम एखाद्या शिक्षकाकडे इतर दहा कामांसोबत येते. जेथे पूर्णवेळ ग्रंथपाल आहेत तेथेही गैरहजर शिक्षकाचा ऑफ तास सांभाळायला, परीक्षेच्या बैठकव्यवस्थेला आणि ऑनलाइन माहिती भरायला त्यांनाच प्रथम हाक मारली जाते. शाळेतील प्रत्येक मूल दर आठवड्याला ज्यांच्यासमोर येऊ शकते अशी माणसे फार थोडी असतात, आणि ग्रंथपाल हे त्यांपैकी एक आहेत. त्यांना रिकाम्या वेळेचा माणूस समजणे हे शाळेचेच नुकसान आहे.

पुस्तके आणायची कोठून, हा प्रश्न त्यामानाने सुटण्याजोगा आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. रक्कम मोठी नाही, आणि ती मार्चअखेरीच्या घाईत खर्च करायची झाली तर विक्रेता देईल तो गठ्ठा घ्यावा लागतो. मग एकाच चरित्राच्या अनेक प्रती आणि निबंधांची पुस्तके फळीवर येऊन पडतात. या बाईंनी त्यावर एक उपाय शोधला आहे. मुलांनी मागितलेल्या आणि शाळेत नसलेल्या पुस्तकांची यादी त्या वर्षभर एका वहीत ठेवतात. किडे, यंत्रे, भुते, क्रिकेट, आजीच्या काळातले खेळ असे विषय त्या वहीत मुलांच्याच अक्षरात लिहिलेले आहेत. खरेदीची वेळ आली की ती वही सोबत जाते.

पैसे न लागणारी सामग्रीही हाताशी आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्या अंकांतील एखादी कथा छापून, चार पानांची घडी घालून शिवली, की वर्गात वाचायला एक पुस्तिका तयार होते. प्रथम बुक्स या संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या व्यासपीठावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, इतकेच नव्हे तर आपल्या बोलीत त्यांचा अनुवादही करता येतो. या कथांची वाचनाच्या काठिण्यानुसार चार पातळ्यांत विभागणी केलेली आहे. पातळीचा उपयोग शिक्षकाने निवडीसाठी करावा; मुलाला मात्र ‘हे तुझ्या पातळीचे नाही’ असे सांगून त्याच्या हातातले पुस्तक काढून घेऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका अनेक भारतीय भाषांत आणि कमी किमतीत मिळते, त्यामुळे थोड्या पैशांत बऱ्याच प्रती घेता येतात.

पुस्तकांनी मुलांपर्यंत प्रवास करावा, ही कल्पना मराठी माणसाला नवीन नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले, आणि ज्या गावांत ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवण्याची सोय केली. या शाळेतही प्रत्येक वर्गासाठी एक पेटी आहे. दर महिन्याला ती दुसऱ्या वर्गात जाते आणि तिची नोंद विद्यार्थीच ठेवतात. पहिली-दुसरीच्या वर्गात पेटीऐवजी खिडकीच्या गजांना बांधलेली सुतळी आहे, तिच्यावर पुस्तके मधोमध उघडून टांगलेली असतात. ज्याला अजून पाठीवरचे नाव वाचता येत नाही, तो मुखपृष्ठ पाहून पुस्तक निवडतो.

शासनाचे उपक्रमही आहेत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांत पुस्तके बाहेर येतात, छायाचित्रे काढली जातात, अहवाल वरच्या कार्यालयाकडे जातात. दिवस चांगला आहे. मात्र 16 ऑक्टोबरला त्याच मुलाला तेच अर्धवट राहिलेले पुस्तक पुन्हा मिळाले पाहिजे. या बाईंनी म्हणून त्या दिवशी पानखुणा वाटल्या. मुलांनी आपापली खूण पुस्तकात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बरीच मुले आपली खूण शोधत परत आली.

वाचायला अडणाऱ्या मुलांसाठी गोष्ट आधी कानांवर आणि डोळ्यांसमोर यावी लागते. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात काम करणारी क्वेस्ट ही संस्था ‘गोष्टरंग’ नावाचा उपक्रम चालवते. त्यात प्रशिक्षित तरुण नट बालसाहित्यातील गोष्टी आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत सादर करतात. मुलांनी रंगमंचावर पाहिलेली गोष्ट नंतर पुस्तकात भेटली, की अनोळखी शब्दांची भीती बरीच कमी होते, कारण पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक असते. ज्यांच्या घरची भाषा वारली किंवा कातकरी आहे, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकातील मराठीकडे जाणारी ही वाट मोलाची आहे.

ग्रंथपालांच्या शिक्षणाचाही विचार व्हायला हवा. ग्रंथालयशास्त्राच्या पदविकेत वर्गीकरण आणि तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांची सूची करणे, शिकवले जाते, परंतु आठ वर्षांच्या मुलासमोर पुस्तक कसे वाचावे, हे बहुतेकांना कोणी शिकवलेले नसते. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमातून ग्रंथालयात मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी नोकरी सांभाळून करता येणारा अभ्यासक्रम चालवला जातो. गोव्यात पणजी येथे 2005 मध्ये सुरू झालेली बुकवर्म ही संस्था मुलांचे ग्रंथालय चालवते आणि तिचे कार्यकर्ते शाळांत जाऊन ग्रंथालयाचा तास घेतात. असे तास प्रत्यक्ष पाहणे हे मोठे प्रशिक्षण आहे. तालुक्यातील ग्रंथपालांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या शाळेत जाऊन बसले तरी पुष्कळ शिकता येईल.

पुन्हा त्या खोलीत येऊ. तासाची शेवटची पंधरा मिनिटे देवघेवीची असतात. टेबलाच्या एका टोकाला दोन विद्यार्थी-ग्रंथपाल बसले आहेत. एक दाखल क्रमांक वाचून दाखवतो, दुसरी नोंदवहीत लिहिते. घेतलेल्या पुस्तकाचा सारांश लिहून आणण्याची सक्ती येथे नाही. ज्याला सांगावेसे वाटते तो दोन मिनिटे उभा राहून सांगतो, आणि गोष्टीचा शेवट सांगायचा नाही, एवढाच नियम आहे.

विहिरीचा दोर ओळखणारा मुलगा मागच्या आठवड्यातले पुस्तक परत द्यायला आला आहे. ते त्याने पाठीमागे धरले आहे. चुलीजवळ बसून आजीला वाचून दाखवताना त्याच्यावर डाग पडला, असे तो खाली मान घालून सांगतो. बाई पुस्तक उघडतात, पान शोधतात, बोटाने डाग पुसून पाहतात. मग नोंदवही स्वतःकडे ओढून त्याच्या नावासमोर, शेऱ्याच्या रकान्यात लिहितात: पान 14, हळद. आणि तेच पुस्तक घेण्यासाठी मागे उभ्या असलेल्या मुलीच्या हातात ते देतात.