तिबोटीची फांदी

(दृश्य: पाऊस नुकताच थांबलेला. पानांवरून टपटपणारं पाणी, व्हाळाची खळखळ.)

पाऊस थांबून दहा मिनिटं झाली, पण झाडांखाली तो अजून पडतोच आहे. रायगड जिल्ह्यातला हा एक छोटा व्हाळ. कर्नाळा अभयारण्य इथून फार लांब नाही आणि वारा या बाजूचा असला की मुंबई-गोवा महामार्गावरचे हॉर्नही ऐकू येतात. व्हाळाचं नाव मात्र या फिल्ममध्ये येणार नाही.

(दृश्य: पाण्यावर झुकलेली रिकामी फांदी.)

ही फांदी नीट बघा. पाण्यापासून हातभर उंच, अंगठ्याएवढी जाड. खाली दगडांच्या बेचक्यात साचलेलं डबकं. आणि फांदीवर विष्ठेचे दोन-तीन पांढरे ओघळ. कुणीतरी इथे रोज येऊन बसतं, एवढं त्या ओघळांवरून कळलं.

पहिले पाच दिवस कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. दुर्बीण आणि वही घेऊन समोरच्या काठावर, बरंच मागे बसायचो. तो पक्षी कुठून येतो, किती वेळ बसतो, कुठे उडतो, लिहून ठेवायचो. सकाळी सात ते साडेआठ आणि दुपारी चारनंतर, या वेळा पक्क्या झाल्या. शेजारच्या वाडीतले एक मामा खेकडे धरायला यायचे. माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याच्या मागं फिरू नको. तू बस, तो येतो."

(दृश्य: नेच्यांच्या आड हिरवी जाळी. जाळीतून बाहेर आलेलं लेन्सचं तोंड.)

सहाव्या दिवशी जाळी बांधली, फांदीपासून 40 फुटांवर. आत बुटकं स्टूल, ट्रायपॉड, 500 मिलिमीटरची लेन्स आणि मी. डास तर होतेच. तो आला, जाळीकडे बघत दोनदा मान वर-खाली केली आणि निघून गेला. सातव्या दिवशी थोडा जास्त थांबला. आठव्या दिवशी त्याने जाळीकडे पाठ केली आणि डबक्यात सूर मारला. शटर पहिल्यांदा दाबलं ते त्यानंतर.

(दृश्य: काळोखी झाडी. एक बारीक, धारदार शिटी.)

आधी येते ती ही शिटी. मग पाण्याला चिकटून जाणारी एक नारिंगी रेघ. आपली नजर तिथे पोचेपर्यंत रेघ संपलेली असते.

(दृश्य: पक्षी फांदीवर. अगदी जवळून.)

तिबोटी खंड्या.

चोच धरूनही जेमतेम 13 सेंटीमीटर. वजन 14 ते 20 ग्रॅम. एक रुपयाची चार नाणी तळहातावर घ्या, साधारण तेवढंच. पोट हळदीसारखं पिवळं, डोकं नारिंगी आणि त्यावर जांभळी झाक, पाठ काळपट निळी. कानामागे निळा ठिपका, त्याला लागून पांढरा. चोच आणि पाय पोवळ्याच्या रंगाचे.

(दृश्य: फांदीला धरलेले पाय.)

आता पाय बघा. दोन बोटं पुढे, एक मागे. बहुतेक खंड्यांना चार बोटं असतात, याला तीन. नाव त्यावरूनच पडलं.

हे चित्र मिळवताना सगळ्यात मोठी अडचण उजेडाची होती. आषाढातलं आभाळ, वर गच्च झाडी. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, 3200 वर नेऊनही शटर सेकंदाच्या ऐंशीव्या भागापेक्षा जलद होईना. फ्लॅश वापरायचा नाही, हे आधीच ठरलेलं. पण तिबोटी बसला की दगडासारखा बसतो, मध्येच मानेला झटका देतो आणि पुन्हा दगड. दोन झटक्यांच्या मधला क्षण पकडायचा, श्वास रोखून. वीस चित्रांतली अठरा हललेली निघायची. लेन्सवर वाफ धरायची ती वेगळीच. पुसायला हात उचलला की तो उडालाच म्हणून समजा, म्हणून वाफ आपोआप जाईपर्यंत बसून राहायचं.

(दृश्य: चोचीत सापसुरळी. फांदीवर आपटण्याचा आवाज.)

हा खंड्या फक्त माशांवर जगत नाही. कोळी, चतुर, छोटे बेडूक, खेकडे आणि ही सापसुरळी. ती त्याच्याएवढीच लांब आहे. डावीकडे आपटतो, उजवीकडे आपटतो, हालचाल थांबेपर्यंत. आता नीट बघा, तो तिला चोचीत फिरवतोय. डोकं बाहेरच्या बाजूला आलं. म्हणजे हा घास त्याचा नाही. पिल्लाला तो डोक्याकडून गिळता यावा म्हणून असा धरलाय.

(दृश्य: पक्षी उडतो. फांदी हलत राहते.)

तो कुठे गेला, ते मला माहीत आहे. मातीच्या दरडीत नर-मादीने मिळून खणलेलं बीळ असतं, कधी कधी मीटरभर खोल. आत चार-पाच अंडी, आणि दोघंही आळीपाळीने उबवतात. ते बीळ या फिल्ममध्ये दिसणार नाही. आम्ही तिकडे कॅमेरा नेलाच नाही.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका व्हाळावर बिळासमोरचे नेचे कापलेले मी पाहिले. सुकी काठी रोवलेली, समोर सात ट्रायपॉड. चोचीत घास धरून मादी बराच वेळ लांबच बसून राहिली. आठवड्याने गेलो, तर बीळ ओस पडलं होतं. पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार आहे.

(दृश्य: तीच फांदी. ऊन-पाऊस. काठावर तेरडा फुललेला.)

श्रावण. जाळी काढून टाकली आहे, मी आता उघड्यावर बसतो. समोर फांदीवर कुणीतरी आहे, पण रंग मळकट, चोच अजून लाल झालेली नाही आणि तिचं टोक फिकट. हे यंदाचं पिल्लू.

ते डबक्याकडे टक लावून बघतं. सूर मारतं. रिकाम्या चोचीने परत येतं, पंख झटकतं. पुन्हा सूर. पुन्हा रिकामी चोच.

तिसऱ्यांदा वर आलं, तेव्हा चोचीत एक मासोळी होती.

(दृश्य: पिल्लू मासोळी आपटतं, गिळतं. शिटी. फांदी रिकामी. व्हाळाचा आवाज चालू राहतो.)