एका रेघेवर जगणारे बँड

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज आपण जपानला जायचंय, पण साकुरा, बुलेट ट्रेन, फुजी पर्वत सगळं बाजूला ठेवून थेट एका तळघरात, व्हिज्युअल के नावाच्या, नटूनथटून वाजवणाऱ्या रॉक बँडांच्या आणि त्यांच्या फॅनच्या जगात.

टोकियोतली छोटी लाइव्ह हाउस, म्हणजे बँड वाजतात ते हॉल, बरेचदा तळघरातच असतात. अरुंद जिना, भिंतीवर एकावर एक चिकटवलेली पोस्टरं, आणि खाली दारात टेबल टाकून बसलेला एक माणूस. तो तुमचं तिकीट बघतो, ड्रिंकचे पाचशे-सहाशे येन वेगळे घेतो, ते तिकडे द्यावेच लागतात, आणि मग विचारतो, आज कोणता बँड बघायला आलात? त्याच्यासमोर एक कागद असतो, त्यावर त्या संध्याकाळी वाजवणाऱ्या पाच-सहा बँडांची नावं, आणि तुम्ही जे नाव घ्याल त्याच्यापुढे तो एक रेघ ओढतो. तुम्हाला त्यातले तीन बँड आवडत असले तरी रेघ एकच.

आता ही रेघ एवढी महत्त्वाची का, तर तिथे नोरुमा नावाचा प्रकार आहे. हॉलवाले बँडला सांगतात की एवढी तिकिटं तुम्ही खपवायचीच, समजा वीस, आणि बाराच खपली तर उरलेल्या आठांचे पैसे बँडने स्वतःच्या खिशातून भरायचे. ठरल्यापेक्षा जास्त लोक तुमचं नाव घेऊन आत आले तर मग वरच्या तिकिटांमागे थोडा वाटा तुम्हाला मिळतो. म्हणजे दिवसभर कुठेतरी पार्ट टाइम काम करायचं, संध्याकाळी दोन-दोन तास मेकअप करायचा, केस उभे करायचे, आणि पंचवीस मिनिटं वाजवण्यासाठी वरून पैसे पण आपणच द्यायचे. आपल्याकडे प्रायोगिक नाटकवाले पदरमोड करून प्रयोग लावतात ना, अगदी तसंच. म्हणून दारातल्या कागदावर वीस रेघा आहेत की बारा, यावर तो बँड पुढच्या महिन्यात असेल की नाही हे ठरतं, आणि त्यातली एक-एक रेघ म्हणजे कुणीतरी एक फॅन, शक्यतो एक मुलगी, जी ऑफिसमधून किंवा कॉलेजमधून धावत आलेली असते.

मला आज या मुलींबद्दलच बोलायचंय.

ज्यांनी व्हिज्युअल के हे नावच पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यासाठी पटकन सांगते. ऐंशीच्या दशकात जपानमध्ये रॉक बँडांची एक पिढी आली, भडक मेकअप, रंगवलेले उभे केस, लेस, लेदर, पुरुषांनी बायकांसारखं नटणं, आणि त्याच्या मागे जबरदस्त वाजवणं. एक्स हा त्यातला सगळ्यात गाजलेला बँड, नंतर एक्स जपान झाला तोच. त्यांच्या ड्रमर योशिकीने १९८६ मध्ये एक्स्टसी रेकॉर्ड्स नावाचं स्वतःचं लेबल काढलं आणि १९८८ चा त्यांचा पहिला अल्बम त्या लेबलवरच आला, पुढे १९९१ मध्ये लुना सीचा पहिला अल्बम पण तिथूनच. म्हणजे ज्यांना आज आपण स्टेडियमवाले बँड म्हणतो त्यांची सुरुवात सुद्धा घरच्या घरी काढलेल्या लेबलवर झाली. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, व्हिज्युअल के म्हटलं की गाणं कसं असेल हे अजिबात कळत नाही, मेटल असेल, पंक असेल, जॅझ असेल, जुन्या जपानी फिल्मी चालींसारखं काहीतरी असेल. सारखेपणा असलाच तर नटण्यात आणि स्वतःचं एक वेगळं जग उभं करण्यात.

मोठ्या नावांबद्दल सगळीकडे सगळं मिळतं. मला ओढ आहे ती त्यांच्या खालच्या थराची, म्हणजे जे बँड तीन-चार वर्षं जगले, दोनशे-तीनशे माणसांसमोर वाजले, दोन डेमो टेप काढल्या आणि संपले. असे शेकड्याने बँड होऊन गेले. ओसाकात माटिना नावाचं एक छोटं लेबल होतं, आज जगभर माहीत असलेल्या द गॅझेटची पहिली सिंगल २००२ मध्ये तिथूनच आली, पण त्याच लेबलचे बाकीचे कितीतरी बँड आज कुणाच्या गावीही नाहीत. सीडी ठरावीक संख्येतच छापल्या, काही तर फक्त त्या एका कार्यक्रमात विकल्या, लेबल बंद पडलं, हक्क कुणाकडे आहेत हे कुणाला माहीत नाही, त्यामुळे स्ट्रीमिंगवर यायचा प्रश्नच नाही. अशा बँडचा आज मागमूस उरला असेल तर तो फक्त फॅनच्या कपाटात.

तर या फॅन मुलींना तिकडे बान्ग्या म्हणतात. त्यांचं हॉलमधलं वागणं बघण्यासारखं असतं हो. स्टेज अजून पडद्याने झाकलेलं, आत ट्यूनिंगचा आवाज येतोय, आणि पुढच्या रांगेतल्या मुली आधीच्या बँडच्या फॅन असतील तर त्या आपणहून मागे सरकतात आणि पुढच्या बँडवाल्या मुलींना जागा करून देतात, आपला बँड परत आला की पुन्हा पुढे. उजव्या बाजूच्या गिटारिस्टवर जीव असेल तर उजवीकडे उभं राहायचं, डावीकडच्यावर असेल तर डावीकडे, म्हणजे त्यालाही वरून कळतं की आपली माणसं आलीत. पडदा सरकला की नावांचा एकच कल्ला. आणि मग गाण्यागणिक हात ठरलेले, कुठे तळहाताचा पंखा करून हलवायचा, कुठे कमरेतून वाकून केस झोडपायचे, कुठे दोन्ही हात फुलासारखे उघडून आवडत्या माणसाकडे पसरायचे. हे कुणी शिकवत नाही, शेजारणीचं बघून शिकायचं. हॉलमध्ये चाळीसच माणसं असली तरी चाळीसच्या चाळीस हात एका तालात, आणि वर वाजवणाऱ्या पोराला वाटतं की आपण बुडोकानमध्ये, टोकियोतल्या त्या भल्यामोठ्या नामांकित हॉलमध्ये आहोत.

जपानमधले आणि बाहेरचेही बरेच गंभीर रॉक समीक्षक या सगळ्याकडे वर्षानुवर्षं नाक मुरडत आले, मुली ओरडतात म्हणजे संगीतात दम नसणार असा त्यांचा हिशोब. मला याचा मनापासून राग येतो. कारण कुठल्या टेपमध्ये कोणती आवृत्ती आहे, ड्रमर कोणत्या महिन्यात बदलला, कोणत्या कार्यक्रमात कोणतं गाणं पहिल्यांदा वाजलं, हे सगळं या मुलींनी वह्यांमध्ये लिहून ठेवलंय. समीक्षकांनी नाही ठेवलं.

याचं सगळ्यात छान उदाहरण द्यायचं तर काइन. नागोयाचा बँड. नागोया म्हणजे या प्रकारातलं एक वेगळंच गाव, कुरोयुमे तिथला, लापुता तिथला, रुआज तिथला, आणि तिथल्या बँडांमध्ये झगमगाट कमी, काळोख जास्त, मेकअप असतो पण आवाजाला एक कडवट धार. काइन १९९७ मध्ये सुरू झाला आणि २००० मध्ये संपला. एवढ्या काळात पूर्ण अल्बम एकही नाही, फक्त छोट्या रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या आठवणी. गायक माको पुढे डेडमॅन या बँडमध्ये गेला, त्यांनी २००६ पर्यंत फार सुंदर आणि फार अस्वस्थ करणारं काम केलं. गिटारिस्ट रेओ याने २००४ मध्ये लिंच नावाचा बँड काढला. काइन मात्र गेला तो गेलाच.

पण टेप हातोहात फिरत राहिल्या. कॅसेटवरून एमडीवर, म्हणजे मिनीडिस्कवर, एमडीवरून कॉम्प्युटरवर, जपानमधून बाहेर. आवाज घोगरा, मागे हिस्स अशी खरखर, आणि तरी त्यातली ओढ अशी की एकदा ऐकलं की माणूस पुढचं शोधायला लागतो. मी स्वतः डेडमॅन ऐकत ऐकत मागे मागे जात काइनपर्यंत पोचले, आणि असं पोचणारे ब्राझीलमध्ये होते, जर्मनीत होते, इंडोनेशियात होते. मग २०१९ ला डेडमॅन परत एकत्र आले, २०२२ मध्ये काइन परत उभा राहिला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रेओचा लिंच खरोखरच्या बुडोकानवर वाजला, आणि २०२३ ला काइनचा पहिला पूर्ण अल्बम आला. बँड संपल्यावर तेवीस वर्षांनी पहिला अल्बम, विचार करा! तो घ्यायला लोक तयार होते, कारण मधल्या सगळ्या वर्षांत ते गाणं कुणीतरी जिवंत ठेवलं होतं. अल्बमची बातमी वाचली त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की घरात सांगू कुणाला असं झालं.

परदेशी फॅनची गंमत अशी की दारातल्या त्या कागदावर आपली रेघ कधी येत नाही. आपण तिथे नसतोच. पण या लोकांनीही काही कमी केलं नाही. २००५ मध्ये डीर आं ग्रे हा बँड बर्लिनला गेला तेव्हा तिकडे त्यांची फारशी जाहिरात नव्हती आणि हॉल भरला, सगळं फॅन लोकांनी एकमेकांना सांगून. २००७ मध्ये लॉस एंजेलिसला योशिकीने दोन दिवसांचा महोत्सव केला, त्यात मक्, मेरी, डिस्पेअर्सरे असे बँड वाजले, ज्यांची सीडी अमेरिकेतल्या साध्या दुकानात मिळणं कठीण होतं. आपल्याकडे बऱ्याच जणांना ही वाट ॲनिमेतून सापडली, डेथ नोटचं पहिलं ओपनिंग गाणारा नाइटमेअर हा सेंदाईचा व्हिज्युअल के बँडच की. आणि पुण्यात तर जपानी शिकणाऱ्यांची काही कमी नाही, दरवर्षी जेएलपीटीला, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेला बसणारी एवढी पोरं, त्यात नोकरीसाठी शिकणारे जास्त हे खरं, पण गाण्याची बुकलेट वाचता यावी म्हणून कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, घोटणारे पण भेटतात, मी त्यातलीच.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती बोलायला हवी. चेकी. म्हणजे इन्स्टंट कॅमेऱ्याचा छोटा फोटो. छोट्या बँडची कमाई आता बरीचशी या फोटोंवर चालते, बंद पाकिटात मिळतात, आत कोणाचा निघेल माहीत नाही, मग मुली पुन्हा पुन्हा घेतात आणि कार्यक्रमानंतर फुटपाथवर फाइल उघडून अदलाबदल करत बसतात. ती अदलाबदल बघायला गोड असते, मैत्री पण तिथेच होते. पण एकच सीडी तीन प्रकारात काढायची, प्रत्येकात एक वेगळं गाणं, प्रत्येक सीडीबरोबर फोटो काढायची वेगळी संधी, आणि विशीतल्या मुलीने अख्खा पगार त्यात घालायचा, हे मला बरोबर वाटत नाही. बँडला दुसरा मार्ग उरलेला नाही हे मान्य, पण ओझं शेवटी त्याच मुलीवर येतं जिने आधीच रेघ दिलेली आहे.

आता ऐकायला कुठून सुरुवात करायची, तर ज्यांना शब्द आणि अंधार आवडतो त्यांनी डेडमॅन. ज्यांना जुना जपान हवाय त्यांनी काग्रा, त्यांच्या गाण्यात जुन्या कथा, जुनी भाषा, आणि गिटारिस्ट शिन कोतो, म्हणजे जपानी तंतुवाद्य, पण वाजवायचा. हा बँड मार्च २०११ मध्ये थांबला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचा गायक इश्शी गेला, त्यामुळे त्यांचं शेवटचं काम ऐकताना मला अजून सलग ऐकवत नाही. ज्यांना विक्षिप्तपणा चालतो त्यांनी कॅलिगारी, आणि मेरी, ज्यांचा गायक गारा स्टेजवर शाळेतला बाक ठेवायचा, त्यावर चढायचा, आणि कार्यक्रमात मध्येच ब्रश घेऊन कागदावर अक्षरं काढायचा. पावसाळ्यात खिडकीत बसून ऐकायचं असेल तर प्लास्टिक ट्री, १९९३ पासून आहेत, अजून वाजतायत.

बँड चालू असेल तर कृपा करून त्यांच्याकडूनच विकत घ्या, डिजिटल घ्या, पण घ्या. बंद पडला असेल तर जुन्या मालाच्या दुकानातून, बुक ऑफ, क्लोजेट चाइल्ड वगैरे. आणि तुमचं कुणी टोकियोत असेल, आपले आयटीवाले बरेचसे निशी-कासाईला राहतात, तर त्यांना सांगा की तोझाई लाइन पकडा आणि गाडी न बदलता ताकादानोबाबाला उतरा, तिथला एरिया नावाचा हॉल कित्येक वर्षं या बँडांचं घर होता, आणि आसपास हिंडलात तर आजही कुठल्यातरी तळघरातून गिटार ऐकू येईल.

आणि तुमच्याकडे जर या बँडांच्या जुन्या सीडी किंवा टेप असतील, असतात हो काहींकडे, कुणी भावाने आणलेल्या, कुणी अदलाबदलीत मिळवलेल्या, तर त्यांची काळजी घ्या. घरी भरलेल्या सीडी काही वर्षांनी आपोआप खराब होतात, आतला थर जातो, त्यामुळे आत्ताच कॉपी करून ठेवा, एमपीथ्री नको, पूर्ण दर्जाची. आपल्या मुंबई-कोकणच्या दमट हवेत टेपला बुरशी येते, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यानंतर बदला. बुकलेट स्कॅन करताना शेवटचं पान सोडू नका, जिथे बारीक अक्षरात आभार मानलेले असतात, कारण कोण कुणाचा रोडी, म्हणजे सामान वाहणारा-लावणारा मदतनीस होता, कोणता बँड कुणाबरोबर फिरत होता, कुठल्या हॉलवाल्याने सांभाळून घेतलं, हे सगळं त्या आभारांच्या यादीतूनच जुळवता येतं. सीडीच्या डब्याला बाजूने गुंडाळलेली कागदी पट्टी पण जपा, किंमत आणि कॅटलॉग नंबर बहुतेक वेळा तिच्यावरच असतो, आणि त्या नंबरवरूनच दुसऱ्या देशातला कुणीतरी ओळखतो की अरे, हीच तर मी इतकी वर्षं शोधत होतो.