आधी मुक्काम विचारा

(ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या एका गावी, घरात होमस्टे सुरू करू पाहणाऱ्या बचत गटांच्या महिलांपुढे दिलेलं व्याख्यान. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

बायांनो, आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेल्या भाऊ लोकांनो, आधी बसून घ्या. सतरंजीवर जागा आहे.

फळ्यावर विषय लिहिला आहे, 'अनोळखी पाहुण्याची पारख'. मॅडमनी मला पाऊण तास दिला आहे. साडेचारला थांबायचंच, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणींना नाल्यावरच्या रपट्याच्या पलीकडं जायचं आहे आणि परवाच तिथल्या चिखलात पंजाचे ठसे दिसले. दिवस बुडायच्या आत सगळ्या घरी पोचल्या पाहिजेत.

मी आठ वर्षांपासून दोन खोल्या पाहुण्यांना देते. एक सासऱ्यांच्या वेळची, कवेलूची. दुसरी गोठा होता तिथं बांधलेली. या आठ वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. ते आज तुमच्यापुढं मांडायचं आहे. दारात आलेल्या माणसाला आपण परत पाठवू शकत नाही. शहरातलं लॉज पाठवू शकतं, तिथं बाजूला दुसरं लॉज असतं. आपल्याकडं रात्री नऊनंतर फाटकाबाहेर जंगल आहे. म्हणून जे विचारायचं ते तो घरून निघायच्या आधी विचारायचं. फोनवर. पैसे घेण्याआधी.

आता तुम्ही म्हणाल, पाहुण्याला एवढं विचारायचं कसं? त्याला राग नाही येणार? पण विचारणं तर आपल्या रक्तात आहे. सडकेनं अनोळखी माणूस चालला की पारावरचा म्हातारा हाक मारतोच, "काहो भाऊ, कोण्या गावचे? कोणाकडं आले?" अशा वेळी सगळं गावच चौकीदार असतं. मग मोबाइलवर बुकिंग आलं, ॲडव्हान्स जमा झाला, 'कन्फर्म' असं हिरवं अक्षर आलं, की आपली विचारपूस काऊन थांबते? पैसे आले म्हणजे ओळख पटली असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं.

ती रात्र तुम्हाला सांगते. थोडी लांबेल, पण सांगते.

शनिवार होता. चार जणांचं बुकिंग, नाव एक, नंबर एक. 'फॅमिली' असं लिहिलेलं. मी चार माणसांचा भात टाकला, वांगं भाजून भरीत केलं, लाखोळीची डाळ घोटली, भाकरीचं पीठ झाकून ठेवलं. लेकरं असतील म्हणून दूध वेगळं काढलं. आठ वाजले, नऊ वाजले. फोन लावला तर 'रस्त्यात आहोत काकू'. पावणेअकराला दोन गाड्यांचे दिवे अंगणात आले. दारं उघडली आणि एकामागून एक पोट्टे उतरायला लागले. मी छपरीत उभी राहून मोजत होते. अकरा. एकानं डिक्कीतून कमरेइतका स्पीकर काढला. मी विचारलं, बुकिंग ज्यांच्या नावानं आहे ते कोण? तर तो आलाच नव्हता. मित्रानं करून दिलं होतं म्हणे.

त्या वेळी मला 'परत जा' म्हणता आलं असतं का? सांगा तुम्ही. रात्रीचे अकरा, रस्ता जंगलातून, गाडी चालवणाऱ्याच्या तोंडाला वास येत होता. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती तेव्हा सांगणं सोपं होतं, की भाऊ, इथं कायद्यानंच बंद आहे. आता ते स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं, आणि ते फोनवर सांगायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं. मी त्यांना आत घेतलं. आणखी भात टाकला. स्पीकर तेवढा लावू दिला नाही.

रात्री एकला मला जाग आली. का आली सांगता येत नाही, पण कुत्री गप्प होती. आपल्याला माहीत आहे, कुत्री भुंकतात तेव्हा ठीक असतं. मी उठून बॅटरी घेऊन दोन्ही खोल्यांत आणि छपरीत झोपलेले मोजले. नऊ. पुन्हा मोजले. नऊच. एकाला हलवलं तर तो झोपेत म्हणाला, "ते वाघ बघायला गेले."

मोबाइलच्या उजेडात, पायी, बोडीकडं, त्या तळ्यावर.

आमचे हे उठले, शेजारचे दोघं काठ्या घेऊन आले, कोणी तेलाचा रिकामा डबा आणला. डबा वाजवत, आवाज देत सगळे बोडीच्या पाळीवर गेले. मी फाटकात उभी. तो डब्याचा आवाज लांब लांब जात होता आणि माझे हात गार पडले होते. पोट्टे सापडले. पाळीखाली चिखलात एकाची चप्पल रुतली होती, ती काढत बसले होते. वीस-एकवीस वर्षांची लेकरं. घरी आणल्यावर एक जण रडला. मी त्याला पाणी दिलं. त्याच्यावर ओरडायचं त्राण माझ्यात नव्हतं.

सकाळी पोलीस पाटील आले. रागावले नाहीत. रजिस्टर मागितलं. माझ्या रजिस्टरात एक नाव, तेही न आलेल्या माणसाचं, आणि एक नंबर, तो बंद. पाटील म्हणाले, "ताई, त्या दोघांना काही झालं असतं तर पंचनाम्यात नाव काय लिहिलं असतं? घरच्यांना कळवायचं कोणाला?" ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तोवर मला वाटायचं, ओळखपत्र मागणं म्हणजे पाहुण्यावर संशय घेणं. त्या सकाळी कळलं, ती त्याच्या आईची सोय आहे.

ज्या कंपनीमार्फत बुकिंग आलं होतं तिथं मी फोन केला. अर्धा तास गाणं ऐकवलं आणि शेवटी एवढंच सांगितलं, की पाहुण्यांची खात्री करणं ही यजमानाची जबाबदारी आहे. मग तुम्ही कमिशन कशाचं घेता, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. वर त्या पोट्ट्यांपैकी कोणीतरी लिहिलं, 'काकू फार टोकतात', आणि दोन तारे दिले. मला त्याचं फार लागलं. तुम्हालाही असे दोन तारे मिळतील, तेव्हा मला फोन करा, एकटीनं रडत बसू नका.

त्यानंतर मी विचारायला लागले. आणि विचारणं चुकू कसं शकतं तेही माझ्याच घरात पाहिलं. हे आज सांगायचं नव्हतं, पण याशिवाय माझं बोलणं अर्धवट राहील.

एक जोडपं आलं होतं, सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी. फोनवर सगळं बोलणं झालेलं, वेळेत आले, चांगली माणसं. मी चहा ठेवायला आत गेले. सासूबाई बंगईवर बसल्या होत्या. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग विचारलं, "आडनाव काय म्हणाले?" मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा त्या बाईच्या हातात पाण्याचा गिलास होता, भरलेला. तिनं तो न पिता खाली ठेवला. पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि मुलीला त्यातलं पाणी पाजलं. काही बोलली नाही. जेवण मात्र 'भूक नाही' म्हणून तिघांनीही टाळलं. ताटं वाढलेली तशीच राहिली.

सासूबाईंच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, त्या आज नाहीत. पण त्या प्रश्नामागं काय असतं हे आपण सगळ्या जाणतो. 'कोण्या गावचे' याच्या मागोमाग 'कोण्या लोकांचे' येतंच. म्हातारा पारावरून हाक मारतो तेव्हा त्यातही ते असतं. मघाशी मी त्याचं कौतुक केलं, तेव्हा हीही बाजू सांगायला पाहिजे होती.

बाबासाहेब १९१७ साली अमेरिका, इंग्लंडमधून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत गेले तर ती फक्त पारशांसाठी. रजिस्टरात पारशी नाव लिहून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि विचारायला लागले, तू कोण? संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली. एवढा शिकलेला माणूस गाडीची वेळ होईपर्यंत बागेत बसून राहिला. मी रोज संध्याकाळी रजिस्टर उघडते तेव्हा मला ते दुसरं रजिस्टर आठवतं. पाहुण्याची पारख या नावाखाली या देशात सगळ्यात जास्त जे झालं ते हे आहे. म्हणूनच गाडगेबाबांना पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधावी लागली. आपलं ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली, आणि अस्पृश्यतेविरुद्धचा कायदाही १९५५ चाच. घटनेच्या पंधराव्या कलमात तर हॉटेलांचं नाव घेऊन लिहिलं आहे, की धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की मुक्काम विचारा. माणूस कोणाचा, कोणत्या लोकांचा, हे विचारूच नका. किती जण, कशासाठी, कधी येणार, कधी जाणार, कशानं येणार. यात जात कुठंच येत नाही, आणि ते अकरा पोट्टे मात्र पहिल्याच प्रश्नाला सापडले असते.

मॅडम घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं राहिली आणि जे सांगायचं कबूल केलं होतं ते सगळं राहिलं आहे. लिहून घ्या, मी पटपट सांगते.

पहिलं, फक्त मेसेजवर बुकिंग घेऊ नका. बोला. आपल्या भागात सगळ्यात चांगला प्रश्न म्हणजे 'सफारी कोणत्या गेटची?' यात संशयाचा वासही नाही, मदतच आहे. मोहर्ली गेटचं बुकिंग असून कोणी कोलारा गेटकडं खोली घेत असेल तर त्याला सकाळी केवढा वळसा पडेल हे आपण सांगतो, तो आभार मानतो. आणि त्याच्या उत्तरावरून आपल्याला कळतं. मंगळवारी कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद असतं, तरी कोणी मंगळवारची कोअर सफारी आहे म्हणाला तर थांबा, नीट विचारा. सफारीच्या बुकिंगला प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, म्हणजे खरा पर्यटक असेल तर त्याच्याकडं सगळ्यांची नावं तयारच असतात. जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, तेव्हा येणाऱ्याला 'काय बघायला येता?' हे आवर्जून विचारा. धानाची रोवणी बघायला येणारेही असतात, त्यांना नाही म्हणू नका.

ज्याचं बुकिंग तोच येणार का, हे विचारा. दिवस बुडायच्या आत पोचायचं, हे सांगा. दारू, स्पीकर, रात्री फाटकाबाहेर जाणं चालणार नाही, हे पैसे घेण्याआधी सांगा. ज्याला ते नको असेल तो आपणहून फोन ठेवतो.

आल्यावर प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र हातात घेऊन बघा, चेहरा जुळवा, रजिस्टरात नाव, पत्ता, गाडीचा नंबर आणि घरच्या एकाचा फोन लिहा. आधारच पाहिजे असं नाही, लायसन्स चालतं, मतदान कार्ड चालतं. मास्क्ड आधार कोणी दिलं तर कुरकुर नको, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, तेवढे पुरे. आणि कार्डाचे फोटो बचत गटाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. मागच्या महिन्यात एकीनं टाकले होते, नाव घेत नाही, पण पुन्हा नको.

परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, सी फॉर्म म्हणायचे त्याला. इथं रेंज जाते, म्हणून तो येण्याच्या आधीच पासपोर्टची माहिती मागून ठेवा.

जोडप्याचा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. दोघं सज्ञान आहेत, ओळखपत्र आहे, तर लग्न झालं का हे विचारायचं आपल्याला कारण नाही. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की अविवाहितांनी एका खोलीत राहायला कोणताही कायदा आड येत नाही. वय अठराच्या खाली वाटलं तर मात्र थांबायचं आणि घरच्यांशी बोलायचं.

नाही म्हणायची वेळ आली तर लवकर म्हणा आणि ॲडव्हान्स त्याच दिवशी परत करा. 'माझ्याकडं तशी सोय नाही' एवढंच. कारणं सांगत बसलं की भांडण होतं.

साडेचार झाले. रजिस्टरचा नमुना टेबलावर आहे, जाताना एकेक घ्या. रपट्याच्या पलीकडच्या सगळ्या एकत्र निघा, हे दोन भाऊ सोबत येतील. कोणाकोणाला जायचं आहे, हात वर करा. मी मोजते.