दोन ट्रॅकमधली रिकामी जागा

पडद्यावर आहे तो हौसेने बनवलेला रिलेचा, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचचा, बोर्ड. डावीकडे २३० व्होल्टचा मेन्स, उजवीकडे मायक्रोकंट्रोलरचे ५ व्होल्ट. नजर आपोआप रिलेवर जाते, पण आज आपल्याला बघायची आहे ती दोन बाजूंच्या ट्रॅकमधली, म्हणजे तांब्याच्या रेघांमधली, तांबं नसलेली पट्टी. बोर्ड हाताळणाऱ्याचा जीव तिच्यावर अवलंबून आहे.

२३० व्होल्ट हा आरएमएस, म्हणजे एक प्रकारचा सरासरी आकडा. लाटेच्या शिखरावर तो ३२५ पर्यंत पोचतो. हवेत ठिणगी पडायला दर मिलिमीटरला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, असं आपण शिकलेलो असतो. मग अर्धा मिलिमीटर भरपूर झाला की! पण मेन्स इतका शांत नसतो. मोठी मोटर बंद होते, जवळपास वीज कोसळते आणि तारेवर क्षणभर हजारो व्होल्ट चढतात. सॉकेटवर चालणाऱ्या उपकरणासाठी आयईसी ६०६६४-१ हे मानक २,५०० व्होल्टचा झटका धरून चालतं, आणि साध्या इन्सुलेशनलाही हवेतून १.५ मिलिमीटर मागतं. हे हवेतलं सरळ अंतर म्हणजे क्लिअरन्स.

खरा घातकी रस्ता मात्र बोर्डच्या पृष्ठभागावरून जातो. त्याची लांबी म्हणजे क्रीपेज. आता इथे जवळून बघा. सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून वापरलेलं रसायन), त्यावर बसलेली धूळ, आणि दमट हवा. या थरातून अगदी क्षीण प्रवाह झिरपतो. ओलावा जागोजागी सुकतो, तिथे बारीक ठिणग्या उडतात आणि खालचं एपॉक्सी, म्हणजे बोर्डातलं राळेसारखं प्लास्टिक, जळतं. जळलेल्या एपॉक्सीचा कार्बन होतो, आणि कार्बनमधून वीज वाहते. ही काळी रेघ पुढे सरकत राहते, कधी कधी महिनोन् महिने, आणि तोवर बोर्ड व्यवस्थित चालत असतो. म्हणून पहिल्या दिवशीची चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही.

नेहमीच्या एफआर-४ वर (काचतंतू आणि एपॉक्सीचा बोर्ड), घरातल्या वातावरणात, २५० व्होल्टला २.५ मिलिमीटर क्रीपेज लागतं. पलीकडच्या बाजूला माणसाचा हात लागणार असेल, तर दुप्पट, ५ मिलिमीटर. मी म्हणेन, जागा असेल तर ८ सोडा. सोल्डर मास्कचा हिरवा थर इन्सुलेशन म्हणून मोजू नका; तो पातळ असतो, त्यात छिद्रं राहतात.

जागाच नसेल तर खाच कापायची. ऑप्टोकपलर म्हणजे दोन बाजूंत फक्त प्रकाशाने संदेश नेणारी चिप. तिच्या पायांच्या दोन रांगांत ७.६२ मिलिमीटर असतात, पण पॅड, म्हणजे पाय सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके, त्यातले दीड-दोन खातात. पोटाखाली किमान १ मिलिमीटर रुंदीची आरपार खाच दिली की पृष्ठभागावरचा रस्ता तिला वळसा घालून लांबतो. हवेतलं अंतर मात्र तेवढंच राहतं.

झिरो बोर्डवर, म्हणजे भोकांच्या तयार जाळीच्या बोर्डवर, मेन्स आणूच नका. तिथे भोकं २.५४ मिलिमीटरवर असतात आणि पॅडमधली फट त्याहून कितीतरी कमी.

बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये मेन्सच्या ट्रॅकसाठी वेगळा नेट क्लास (ट्रॅकचा वेगळ्या नियमांचा गट) करून हे अंतर भरा, म्हणजे ग्राउंडचं तांबं त्या पट्टीत शिरणार नाही. स्क्रूचं धातूचं डोकं आणि वॉशर मात्र सॉफ्टवेअरच्या या तपासणीतून निसटू शकतात. ते बोर्डवर ठेवून फूटपट्टीने मोजा.